भिंतीतला पोरगा आणि एसटीतली पिशवी

माझ्या पहिल्या कादंबरीचा नायक तीनशे वर्षांपूर्वी मेलेला होता. एवढी साधी गोष्ट घरच्यांना पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले, आणि ती पटली तेव्हा तर जास्तच पंचाईत झाली. आज त्या कादंबरीचं पुस्तक झालंय. कॉलेजच्या पोरी ते वाचतात आणि मला विचारतात, मॅडम, असलं भुताचं प्रेम तुम्हाला सुचलं कसं? मी काहीतरी गोडसं उत्तर देऊन टाकते. खरं सांगायचं तर सुचायला काहीच वेळ लागला नव्हता, निस्तरायला लागला.

मी तेव्हा बारावीला होते, लातूरला. गाव आमचं मुदखेडजवळ, घरची फुलशेती. झेंडू, गलांडा, बांधाकडंला थोडा गुलाब. बाबा रोज सकाळी फुलांची पोती घेऊन नांदेडच्या बाजारात जायचे. घरात शब्द चालायचा तो थोरल्या काकांचा, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाचा. दहावीला मला बरे मार्क पडले म्हणून बाबांनी लातूरला क्लास लावायचं काढलं, तेव्हा काका नाही म्हणाले नाहीत. फक्त बाजेवर बसल्या बसल्या म्हणाले, "जाऊ दे. पण एक जरी बोलणं ऐकू आलं, त्या दिवशी पोरगी घरी. कंधारचं स्थळ थांबायला तयार हाय." कंधारला त्या लोकांचं कापडाचं दुकान होतं. मी दोन वर्षं त्या दुकानाच्या धाकात अभ्यास केला.

लातूरला आम्ही पोरी काय करायचो? क्लास, टेस्ट, जेवण, पुन्हा टेस्ट. दर सोमवारी भिंतीवर रँकची यादी लागायची. ती बघताना जीव असा वरखाली व्हायचा की त्यापुढं माझं भूत म्हणजे काहीच नाही. एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही आठजणी राहायचो. खाली मालकीणबाई. सगळ्यांचे मोबाईल तिच्या लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली कमरेला. रविवारी अर्धा तास मोबाईल मिळायचा, त्यातली वीस मिनिटं आईच्या "जेवलीस का" विचारण्यातच जायची. बाई जिन्यातल्या चपलासुद्धा मोजायची.

अशात एका दुपारी लाईट गेली, पंखे बंद पडले, आणि उकाड्यात कुणाच्यानं पुस्तक उघडवेना. मी आपली उगाच एक गोष्ट सांगायला लागले. सहावीत असताना शाळेची सहल कंधारच्या किल्ल्यात गेली होती. तिथला खंदक आणि ती जाड काळी भिंत माझ्या डोक्यात बसली होती. त्या भिंतीत किल्लेदाराचा अठरा वर्षांचा पोरगा जिवंत चिणलाय असं मी ठोकून दिलं. त्याला सावली नाही. उजेडात तो कुणाला दिसत नाही. पण खंदकाच्या पाण्यात वाकून बघितलं की आपल्या चेहऱ्याच्या शेजारी त्याचा चेहरा दिसतो. लाईट आली तरी पोरी हलेनात. माझ्या शेजारच्या पलंगावर एक उदगीरची पोरगी होती, ती माझं मनगट धरून म्हणाली, "अय्यो, पुढं काय गं? सांग की, जीव घेतीस का?"

मग लिहिणं आलं. एकाच दुकानातून आणलेल्या दोनशे पानी दोन वह्या होत्या माझ्याकडं, दोन्हींना खाकी कव्हर, दोन्हींवर 'वनस्पतीशास्त्र'. एकीत खरोखर वनस्पतीशास्त्र होतं. दुसरीत तो होता.

आता माझी चूक ऐका. सुरुवातीला मी 'ती' लिहायचे. ती गेली, तिनं पाहिलं. पोरी म्हणाल्या, मजा नाही येत, असं लिही की आपल्यालाच होतंय. मग मी 'मी' लिहायला लागले. किल्ल्यावर रोज कसं जाणार, म्हणून त्यालाच लातूरला आणला. आमच्याच गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. टाकीचं झाकण उघडलं की तो दिसायचा. मालकीणबाई आली, चपला आल्या, आठवड्याची टेस्ट आली. सातजणी ती वही अशा वाचायच्या जशी प्रत्येकीची स्वतःचीच भानगड. आणि पितृपंधरवड्यातल्या शेवटच्या शनिवारपर्यंत मी शेवटची ओळ लिहून ठेवली होती: 'दसऱ्याच्या दिवशी मी त्याच्याबरोबर जाणार. कुणाला सांगणार नाही. माझी वह्या-पुस्तकं इथंच राहतील.' ती ओळ लिहिल्यावर मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आमच्याकडं लेकरं शिकायला बाहेर असली की घर एसटीवर चालतं. घरून पिशवी येते: भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, धुतलेले कपडे. इकडून पिशवी जाते: रिकामे डबे आणि मळके कपडे. पिशवी कंडक्टरकडं द्यायची, तो ड्रायव्हरच्या मागं ठेवतो, पलीकडं घरचं माणूस उतरवून घेतं. माझी पिशवी नांदेडच्या स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर उतरायची, आणि बाबा फुलं विकून परतताना घेऊन जायचे. दोन वर्षांत एक डबा कधी हरवला नाही. एवढी भरवशाची व्यवस्था होती, तीच माझ्या मुळावर आली.

त्या शनिवारी सकाळी मालकीणबाईला कुणीतरी सांगितलं, वर एका पोरीकडं चोरून मोबाईल आहे. बाई झडतीला वर आली. मी न्हाणीत होते. उदगीरचीला घाम फुटला. माझ्या उशाखाली ती वही होती, ती तिनं दिसेल तिथं कोंबली. दिसली माझी पिशवी. मळक्या सलवारीत गुंडाळून तिनं वही पार तळाला घातली आणि वर डबे रचले. झडती झाली, मोबाईल दुसऱ्याच खोलीत सापडला, रडारड झाली. त्या गोंधळात ती मला सांगायची विसरली. मीही गडबडीत पिशवी उचलली, स्टँडवर गेले आणि माझ्या हातानं कंडक्टरच्या हातात दिली. वर म्हणालेसुद्धा, "काका, नीट ठेवा हां."

दुपारी क्लासवरून आले तर उदगीरची पलंगावर बसून नखं खात होती. तिच्या तोंडाकडं बघूनच मला कळलं काहीतरी झालंय. "वही?" मी म्हणाले. तिनं फक्त जिथं पिशवी ठेवतो तिकडं बघितलं. त्या वेळेला बस लोह्याच्या आसपास असणार, म्हणजे माझ्या हातात तास-दीड तास होता.

मी खाली जाऊन मालकीणबाईच्या अक्षरशः पाया पडले. "घरी फोन करायचाय, अर्जंट." "रविवारी," बाई म्हणाली. मी सांगितलं आई आजारी आहे. बाईनं माझ्याकडं दोन मिनिटं बघितलं आणि स्वतःच्या फोनवरून बाबांना लावून दिला, पण फोन माझ्या कानाला लावून स्वतः तिथंच उभी राहिली.

"बाबा, पिशवी आली का?"

"येईल की आता. टपरीवरच बसलोय. का गं?"

"बाबा, ती उघडू नका."

पलीकडून बाजाराचा गलबला येत होता. मी अजून घाण केली. "कुणालाच उघडू देऊ नका. काकांना तर अजिबात नको. मी उद्या येते अन् माझी मी उघडते."

त्या वेळी मला कुणीतरी थोबाडीत मारायला पाहिजे होती. मी फोन केला नसता तर आईनं सलवार धुवायला काढली असती, 'वनस्पतीशास्त्र' बघून वही फडताळात ठेवली असती, आणि पुढच्या पिशवीत भाकरीबरोबर परत पाठवली असती. एवढं साधं होतं. पण मी बोंब मारून मारून सगळ्यांना जागं केलं. बाबा एवढंच म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला. मालकीणबाई म्हणाली, "आई आजारी आहे ना तुझी? मग पिशवीला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाबा आणि थोरले काका जिन्यात उभे होते. काकांच्या काखेत खाकी कव्हर. माझ्याशी एक शब्द न बोलता काका मालकीणबाईला म्हणाले, "गच्चीवर जायचा रस्ता दाखवा." मी खालीच उभी. वरून टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. काका खाली आले आणि बाईला विचारलं, "इथं शेजारी पोरं राहतेत का?" बाई गडबडली. शेजारच्या इमारतीत पोरांचंच हॉस्टेल होतं. झालं. अर्ध्या तासात माझी गादी, बादली, पुस्तकं, दुसरी खाकी वही, सगळं खाली आलं. बाकीच्या सातजणी कठड्याला धरून उभ्या होत्या. उदगीरची रडत होती, आणि मला तिचा इतका राग आला होता की मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बसमध्ये काका पुढं बसले. बाबा माझ्या शेजारी. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी दोनदा तोंड उघडलं, "बाबा, ती गोष्ट हाय, कादंबरी हाय." त्यांनी मान हलवली, जशी तापातल्या माणसाच्या बडबडीला हलवतात. नांदेड जवळ आलं तसं ते माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "पोरगा शिकलेला हाय का?"

मला हसू यायला पाहिजे होतं. मी ओढणी तोंडात धरून रडले. माझ्या बापानं मनातल्या मनात त्या भुताशी तडजोड करायला सुरुवात केली होती.

घरी गेल्यावर काका बाजेवर बसले, मी समोर, बाबा दाराला टेकून, आई चुलीपाशी डोक्यावर पदर घेऊन. आई काकांसमोर कधी बोलत नसे. माझ्या आठवणीत त्यांच्यासमोर तिनं एक पूर्ण वाक्य उच्चारलेलं नव्हतं. काकांनी चष्मा लावला, वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागले. अगं माय! माझी वाक्यं, काकांच्या तोंडून. "'त्यानं माझा हात धरला आणि माझ्या अंगावर काटा आला.' कुणी धरला?"

"तो मेलेला हाय, काका."

"कोण मेला?"

"तोच. तीनशे वर्षं झाली त्याला. पान पंधरा बघा ना, त्याला सावली न्हाई म्हणून लिहिलंय."

काकांनी खरंच पान पंधरा काढलं. बोट ठेवून वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मेलेलं पोरगं गच्चीवर येतंय, अन् तू त्याच्यासंगं दसऱ्याला पळून जाऊन राहिलीस. मी काय येडा दिसून राहिलो का तुला? नाव सांग. गाव सांग."

"किल्ल्यातला हाय तो! भिंतीतला!" मी किंचाळलेच. माझा स्वभाव तेव्हाही असाच, कडेलोट झाला की मोठ्या माणसाचं भान राहत नाही. "न्हाईच हाय कुणी! मी बनवलाय!"

काका उठले. "मंगळवारच्याला घट बसतेत. मग लगेच कंधारच्या लोकांना बोलावतो. बारावी-बिरावी खलास."

आणि तेव्हा, चुलीपाशी बसलेली माझी आई, पदराच्या आतून, बाबांकडं बघून पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरीला लागीर झालंय. पितरांचे दिवस हायत. बाहेरचं धरलंय तिला कुणीतरी."

चटका बसावा तशी काकांनी हातातली वही खाली ठेवली. पोरगा असता तर ते लातूर पालथं घालणार होते. पण भुताचं काय करायचं, हे त्यांनाही सुचेना. शेवटी म्हणाले, "असली वस्तू घरात नको. आत्ताच्या आत्ता चुलीत घाला." आईनं सगळ्यांसमोर खाकी कव्हरची वही उचलली आणि मला आतल्या खोलीत ढकललं. थोड्या वेळानं कव्हर जळाल्याचा वास आला. मी भिंतीला डोकं लावून बसले. आठ महिन्यांचं लिहिणं गेलं होतं, पण त्याहून जास्त मला आईचा राग आला होता. काका संशय घेणारच, त्यांचा धंदाच तो. पण आईनं मला झपाटलेली ठरवावं? तिनं तरी एकदा माझ्या तोंडाकडं बघून विचारायचं होतं.

पुढचे दिवस विचारूच नका. माझ्या दंडाला काळा दोरा आला. उंबऱ्यावर लिंबू आलं. शेतात कामाला येणाऱ्या बाया माझ्याकडं तिरप्या नजरेनं बघायच्या आणि आपसांत कुजबुजायच्या. तिकडं लातूरला टेस्ट होऊन गेली असणार, यादीत माझं नाव कुठं गेलं असेल याचाच हिशेब मी दिवसभर करायचे. आईनं हे सगळं केलं, आणि काकांनी त्यांचं केलं. लागीर-बिगीर काही नाही, लग्न लावलं की सगळं बसतं, असं म्हणून त्यांनी घट बसल्यावर तिसऱ्या दिवशी कंधारच्या पाहुण्यांना बोलावलंच.

पाचजण आले. पोरगा, त्याचे आईबाप, एक मामा, आणि कसल्या तरी नात्यातला एक म्हातारा. आईनं मुरमुऱ्यांची सुशीला केली होती, वर शेव-कोथिंबीर. मला हिरवी साडी नेसवली. मला एकच हिशेब दिसत होता: यांनी हो म्हणलं तर दिवाळीनंतरची तारीख, आणि मी कापडाच्या दुकानामागच्या घरात. नाही म्हणावं म्हणून मी मनात सगळ्या देवांना हाक मारली. ज्यांच्याशी माझं भांडण होतं त्यांनासुद्धा. पोरगा वाईट नव्हता. तेच तर वाईट होतं. नकाराला काही कारण नव्हतं.

पोराची आई स्वयंपाकघराच्या दारात आईशेजारी बसली होती, सुशीलेची ताटली हातात घेऊन. मी ताटात पाण्याचे पेले घेऊन बाहेर निघाले, आणि दारातच आईचा आवाज ऐकला. हळू, पण बाहेरच्या खोलीत जाईल इतपत.

"पोरगी लई गुणाची हाय, बाई. कामाला वाघ हाय. एवढंच की, आता तुमच्यापासून काय लपवायचं, नातं जोडायचं म्हणल्यावर… मेलेलं एक पोरगं हाय तिच्या मागं. लातूरपासून हाय. पाण्यात दिसतंय म्हणती. पण लग्न झाल्यावर सुटतंय, असं म्हणतेत. तुमच्या घरी आली की सुटंल."

त्या बाईचा घास तोंडाशी थांबला. तिनं माझ्या दंडाच्या दोऱ्याकडं बघितलं, मग उंबऱ्यावरच्या लिंबाकडं, आणि मग माझ्या हातातल्या पेल्यांकडं. मी ताट घेऊन बाहेरच्या खोलीत उभी राहिले. पेल्यांतलं पाणी हिंदकळत होतं. पाचातल्या एकानंही पेला उचलला नाही. म्हाताऱ्याला ठसका लागला होता, तरी नाही.

दहा मिनिटांत त्यांची गाडी रस्त्याला लागली. काकांच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. "जीभ झडली न्हाई का गं तुझी? इज्जत घालवलीस सगळी! आता तालुक्यात हिला कोण करंल?" आई पदर पुढं ओढून बाबांना म्हणाली, "त्यांना सांगा, आता वर्षभर तर कुणी येत न्हाई. इथं राहिली तर रोज लोक बघतेत, रोज बोलतेत. लातूरला कुणाला ठाव हाय? तिकडंच राहू द्या, तोंडं थंड होईस्तोवर." काका बराच वेळ अंगणात येरझाऱ्या घालत होते. मग म्हणाले, "न्या हिला कुठं न्यायची तिकडं. मला दिसू नका."

मला लातूरला जायला मिळणार होतं. पण मी आईशी बोलत नव्हते. तिनं मला चारचौघांत भुताची केली होती, आणि ती बाई माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती नजर माझ्या अंगावरून जात नव्हती.

दसरा चार दिवसांवर आला होता. झेंडू तोडायची घाई होती. सकाळच्या उन्हात आई आणि मी दोन सऱ्या धरून तोडत होतो. बाकीच्या बाया लांब होत्या. आईनं इकडंतिकडं बघितलं, फुलांच्या टोपलीतलं ओलं पोतं बाजूला केलं आणि खालून खाकी वही काढली. पानं थोडी ओली, कडांना पिवळा डाग.

मी बघतच राहिले. "मग जाळली ती कोणती?"

"तुझी दुसरी. पानाफुलांची चित्रं होती त्यात."

"आई! त्याच्यावर परीक्षा हाय माझी!"

"एक तरी चुलीत जाताना तुझ्या काकाला दिसायला पाहिजे होती. पानाफुलांचं मी सांगते तुला, विचार काय विचारायचं ते." आणि झेंडूचं फूल खुडत म्हणाली, "सातवी पास हाय मी. चार दिवस लागले वाचायला. तुझं अक्षर घाण हाय."

मला रडू का हसू कळेना. "तुला ठाव होतं? गोष्ट हाय म्हणून?"

"मला गोष्ट कळत न्हाई असं वाटलं का तुला?"

"मग लागीर झालंय काहून म्हणलीस?"

"तू म्हणलीस गोष्ट हाय. कुणी ऐकलं? पोरगा हाय म्हणलं असतं तर लग्न. भूत म्हणलं, तर सगळे गप." ती पुढच्या झाडाकडं सरकली. मग तिनं विचारलं, "जाती का ती? दसऱ्याला, त्याच्यासंगं?"

"जाती. तोच शेवट हाय." मी लगेच रंगात आले. लेखकाला काय, कुणी पुढचं विचारलं की राग विसरतो. "भिंत उघडती, तो हात पुढं करतो, ती आत जाती अन् भिंत मिटती. कायमची. लई सुंदर शेवट हाय, आई."

"आत गेल्यावर काय करती?"

"काय म्हणजे? त्याच्यासंगं राहती."

"हां. अन् दिवसभर?"

आठ महिने मी त्या भिंतीबद्दल लिहीत होते, पण ती पोरगी आत दिवसभर काय करेल हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

आई खाली बघत तोडत होती. "'माझी वह्या-पुस्तकं इथंच राहतील,' असं लिहिलंस ना? ते वाचून मी लई रडले. माझी आठवीची पुस्तकं आणली होती, नवी, कोरी. अन् या घरचे लोक बघायला आले. चौदाची होते. माझ्या आईला म्हणलं, राहू दे इथंच फडताळात, दिवाळीला आले की वाचते." तिनं मूठभर फुलं टोपलीत टाकली. "पोरीला आत घालू नको. त्याला काढ बाहेर, न्हाईतर राहू दे तिथंच. पण तिला घालू नको."

मी तिच्या गळ्यात पडायला पाहिजे होतं. आमच्यात तसं करत नाहीत. मी तिच्या सरीतली उरलेली झाडं तोडायला लागले, आणि दुपारपर्यंत आम्ही दोघी एकाच सरीत काम करत होतो.

दसऱ्याच्या दिवशी माझी नायिका किल्ल्यात जाणार होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाबांबरोबर लातूरच्या बसमध्ये बसले. मालकीणबाईनं आधी कुरकुर केली, मग घेतलं. उदगीरचीनं वनस्पतीशास्त्राची तिची सगळी वही मला उतरवून दिली, आठ रात्री जागून. मी तिला माफ केलं. पुढं मी डॉक्टर झाले नाही, तेवढे मार्क पडले नाहीत. नांदेडला शिकले, नांदेडलाच शिकवते.

पण ती व्यवस्था मात्र त्या वर्षभर चालली. दर शनिवारी लातूरहून जाणाऱ्या पिशवीत, मळक्या कपड्यांच्या घडीत, कादंबरीची चार-पाच पानं असायची. आता मी मुद्दाम ठेवायचे. शेवटचं प्रकरण मी तीनदा लिहिलं. भिंत उघडते. तो आतून हात पुढं करतो. ती त्याच्या हातावर हात ठेवते, त्याला नीट बघून घेते, आणि म्हणते, मला उद्या पेपर आहे. मग हात सोडवून घेते, ओढणी सारखी करते, किल्ल्याच्या दरवाजातून भर उन्हात बाहेर येते आणि समोर लागलेल्या एसटीत चढते. तिची दप्तराची पिशवी तिच्या मांडीवर असते. उदगीरचीला हा शेवट मुळीच आवडला नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या शनिवारी घरची पिशवी आली. भाकरीच्या फडक्यात एक कागद होता, तेलकट झालेला. आईचं अक्षर मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मोठं, वाकडं, शाळेतल्या पोरीसारखं, आणि प्रत्येक अक्षरावर पेन्सिल दोनदा फिरवलेली. तिनं लिहिलं होतं: 'वाचलं. सुटली पोरगी. मला लई बरं वाटलं.'